जीप बरी झाली, पण कशानं?

त्या जीपसोबत एक फाईल आली. निळी, प्लास्टिकची, आत तीन वर्षांची बिलं तारखेवार लावलेली. गाडीसोबत फाईल आली की समजायचं, पेशंट चार दवाखाने फिरून आलाय.

मालक काटोलकडचे संत्रेवाले, वय अठ्ठ्याहत्तर. जीप महिंद्राची सीजे-थ्री-बी, 1968ची, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. 26 जानेवारीला जुन्या गाड्यांच्या रांगेत नातवाला शेजारी बसवून नागपुरात चालवायची होती. आणि गाडी माझ्या गॅरेजला लागली 24 तारखेला सकाळी. लोक असेच येतात. तीन वर्षं इकडेतिकडे, आणि आमच्याकडे दोन दिवस.

"पन्नासाच्या वर गेली अन् खड्डा लागला का समोरचे चाकं नाचते, मिस्त्री. स्टिअरिंग हातात राह्यत नाही. पार थांबवा लागते तवा कुठं शांत होते."

"उजवं आधी नाचते का डावं, काकाजी?"

"मले काय मालूम? मी देवाचं नाव घेतो तवा."

जुन्या जीपचं हे दुखणं जुनंच आहे. दोन चाकं एकाच सरळ अ‍ॅक्सलला बांधलेली. एकाला झटका बसला की तो दुसऱ्याला जातो, तिथून परत येतो, आणि मधे कुठे ढिलाई असली तर विरायच्या ऐवजी वाढत जातो. ढिलाई कुठे, एवढाच प्रश्न. पण ती असू शकते अशा जागा दहा-बारा.

फाईलमध्ये त्यातल्या बहुतेक जागांची बिलं होती. टायर नवे, 6.00-16. बॅलन्सिंग दोनदा. चाकं वळवणाऱ्या दांड्यांचे, म्हणजे टाय रॉडचे, चारही एंड नवे. स्टिअरिंग बॉक्स खोलून भरलेला. शिवाय एका मोठ्या चकाचक ठिकाणचा कॉम्प्युटर अलाइनमेंटचा कागद, सगळे आकडे हिरवे. मशीन खोटं बोलत नाही हो, पण त्याला विचारतं कोण काय? गाडी उभी आहे, सांधे एका बाजूला टेकून बसलेत, त्या स्थितीतला आकडा ते छापतं. चालताना तेच सांधे दुसऱ्या बाजूला गेले की कागदाची किंमत रद्दीची. ढिल्या गाडीचं अलाइनमेंट करून पैसे घेणं म्हणजे हलत्या खुर्चीवर बसलेल्याची उंची मोजणं.

कोणीतरी काकाजींना स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगचे झटके शोषणारा शॉकअप, लावायचा सल्लाही दिला होता. त्यांनी तो लावला नाही, कारण त्यांना व्हिंटेज नंबर घ्यायचा आहे. 2021च्या नियमानुसार 50 वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' सिरीजचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, पण गाडी मूळ रूपात हवी. आता त्या नियमात चॅसी, बॉडी आणि इंजिन यांची भाषा आहे. एका डॅम्परनं काही बिघडलं नसतं. पण मी गप्प बसलो. डॅम्पर लावला असता तर नाचणं दबलं असतं आणि दुखणं आत राहिलं असतं.

माझ्या उस्तादाचा एक नियम होता: एका वेळी एकच गोष्ट हलवायची, मग गाडी रस्त्यावर. दोन हलवल्या तर गाडी दुरुस्त होते, मिस्त्री नाही होत. तीस वर्षं मी हा नियम पाळत आलोय आणि गॅरेजमधल्या पोरांच्याही डोक्यात घालत आलोय.

पहिल्या दिवशी तसंच केलं. गाडी जमिनीवर, पोरगा स्टिअरिंगवर, ते थोडं-थोडं डावी-उजवीकडे हलवतोय, आणि मी खाली पडून एकेका सांध्यावर तळहात ठेवतोय. जॅकवर चढवलेल्या गाडीत हे कळत नाही. चाकांवर वजन पाहिजे. डोळ्यांनी दिसणार नाही एवढी ढिलाई तळहाताला टक्कन लागते. बॉक्स लगेच सापडला, पण उलट्या कारणानं. कोणीतरी त्याचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू इतका कसलेला की स्टिअरिंग वळवून सोडलं तर परत यायला तयार नाही. या बॉक्समधला कॅम मधोमध मुद्दाम घट्ट कापलेला असतो. त्यामुळे बॉक्समधून पुढे जाणारी दांडी, ड्रॅग लिंक, सोडून, चाकं सरळ ठेवून, बरोबर त्या मधल्या जागेवर तो लावायचा असतो. बहुतेक जण स्टिअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, दिसला की पान्हा घेऊन तो स्क्रू आवळतात. आजार गुडघ्याचा, पट्टी कपाळाला.

बॉक्स नीट लावला, काटोल नाक्याच्या पुढे नेली. एका पुलाच्या जोडावर पंचावन्नला नाचली. बरं. स्टिअरिंगचा ओढा दोन्ही टाय रॉडना वाटून देणाऱ्या बेल क्रँकची पिन झिजलेली होती, बुश आणि पिन बदलले, संध्याकाळी परत नेली. नाचायला थोडा उशीर लागला, पण नाचली. एवढं झाल्यावर वही लिहून ठेवली आणि शांत झोपलो. दोन संशयित बाद होते.

पंचवीसला सकाळी पुढचा भाग जॅकवर. चाक वर-खाली धरून हलवलं, प्ले होता. पोराला म्हटलं, ब्रेक दाब. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर दोष व्हील बेअरिंगचा, राहिला तर किंग पिनचा, म्हणजे चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं तिचा. राहिला. पण आधीच्या मिस्त्र्यांना तो का सापडला नव्हता, तेही तिथेच कळलं. कोणीतरी स्टिअरिंग नकलला, म्हणजे चाक वळतं त्या सांध्याला, नवे जाड सील बसवले होते. हातानं चाक वळवलं की कडक लागायचं, मग सगळ्यांना वाटायचं किंग पिन ठीक आहे. सील काढले आणि आमच्या शेजारच्या भंगारवाल्याचा हूकवाला वजनकाटा आणून नकलच्या आर्मला अडकवून ओढला. सील काढून पावणेदोन ते पावणेतीन किलोला आर्म हलायला हवा. हा एक किलोच्या आत सरकला, तोही लोण्यात सुरी जावी तसा. किंग पिनच्या टोपीखालची शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, कमी करायची, की बेअरिंग दाबात येतात. एका बाजूला पाच थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) एक काढली, दुसऱ्या बाजूला पाच आणि तीन. काटा सव्वादोनवर आला.

इथे थांबायला हवं होतं. सील लावून, चाकं चढवून, काटोल रोडला जायला हवं होतं.

पण टोपी उघडी असतानाच मी सवयीनं तिच्या जागेवर अँगल गेज ठेवला होता. कॅस्टर, म्हणजे किंग पिनचा मागे असलेला कल, ज्यामुळे चाक आपोआप सरळ व्हायला बघतं. पुस्तकात तीन अंश आहे. इथे जेमतेम अर्धा. खाली वाकून पाहिलं तर कमानपाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये दोन्हीकडे लोखंडी पाचर, आणि पाचरीची जाड बाजू मागे. उलटी! पाटे बदलताना कोणीतरी भरलेली, हातात आली तशी. या जीपला पाटे अ‍ॅक्सलच्या खाली असतात, त्यामुळे कॅस्टर वाढवायचा तर जाड बाजू पुढे हवी. पाचर दीड अंशाची असली तरी पलटली की फरक दुप्पट पडतो, कारण आधीची वजाबाकी जाते आणि वर बेरीज होते.

दुपारचे तीन वाजले होते. यू-बोल्ट हाताशी, गाडी स्टँडवर, उद्या सकाळी काकाजी न्यायला येणार. आधी किंग पिनवर चालवून बघायचं तर सगळं चढवा, जाऊन या, परत उतरवा, रात्र होणार. मी पाचरी पलटवल्या. साडेतीन अंश आले. मग दोऱ्यानं टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा आतला कल, लावलं आणि गाडी रस्त्यावर काढली.

पंचावन्न, साठ. त्याच पुलाचा जोड, मुद्दाम उजवं चाक त्यावर घातलं. एक धक्का, आणि काही नाही. परतताना हात सोडून बघितले, गाडी रुळावर असल्यासारखी. काकाजींनी 26ला नातवाला बसवून फिरवली, दुसऱ्या दिवशी संत्र्यांची पेटी पाठवली, आणि फोनवर म्हणाले, "तुमी तं जादू केली."

पोरगा गेले तीन आठवडे विचारतोय, "उस्ताद, नेमकं काय होतं? किंग पिन का पाचर?" मी म्हणतो दोन्ही. तो हसतो. त्याला नियम पाठ आहे, मीच शिकवलाय.

उत्तर मला सांगता येत नाही. ढिल्या किंग पिनवर बरोबर कॅस्टर असता तर नाचली असती का? आणि घट्ट किंग पिनवर अर्ध्या अंशाचा कॅस्टर? मला वाटतं किंग पिन. पण मग तीन वर्षांपूर्वी, पाटे बदलण्याआधी, ती नाचत नव्हती असं काकाजी शपथेवर सांगतात. किंग पिन काय एका दिवसात ढिले होतात?

म्हणून त्यांना फोन केला. म्हटलं, एकदा आणा, पाचरी परत उलट्या लावून एक चक्कर मारतो, मीच चालवतो, लगेच पहिल्यासारख्या करून देतो. पैसे नाही घेणार.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "चालते न मस्त? मंग काहून छेडता तिले?"

एप्रिलमध्ये ती ग्रीसिंगला येणार आहे. यू-बोल्ट आठ नट, दीड तासाचं काम. तेव्हा काकाजी बाकावर बसून चहा पीत असतील, आणि ते उठून कुठे जातात असं आजवर झालेलं नाही.