सगळ्या खुणा जुळत होत्या

गाडी जागेवर उभी होती, गिअर न्यूट्रलमध्ये. चार हजार आरपीएमच्या आसपास आतला आरसा इतका थरथरायचा की मागचं काही दिसेनासं व्हायचं. तीन महिने खपून बसवलेलं इंजिन पहिल्यांदाच नीट चालत होतं, ऑइल प्रेशर उत्तम होतं, कुठे थेंबभर गळती नव्हती. तरी आम्हा चौघांपैकी कोणाच्याच चेहऱ्यावर आनंद नव्हता.

गाडी मित्सुबिशीची, लान्सर इव्होल्यूशन टेन. तिचं स्वतःचं ४बी११ इंजिन काढून आम्ही इव्हो नाइनचं ४जी६३ बसवलं होतं. नव्या गाडीत जुन्या पिढीचं इंजिन म्हटल्यावर ऐकणाऱ्याला उलटी गंगा वाटते. त्यामागे दोन कारणं होती. आधीच्या एका वर्कशॉपने इंधनाची तयारी न करताच बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) चढवला होता आणि सिलिंडरची भिंत तडकली होती. स्लीव्ह (सिलिंडरला नवं अस्तर) टाकून तोच ब्लॉक पुन्हा उभा करता आला असता, आणि मी मालकाला ते दोनदा सांगितलं. पण त्याच्याकडे मोठ्या भावाच्या इव्हो नाइनचं इंजिन जपून ठेवलेलं होतं. त्या गाडीची बॉडी अपघातात वाकली आणि तेव्हापासून भाऊ गाडी चालवत नाही. "दादाचं इंजिन आहे, ते रस्त्यावर ऐकायचंय," एवढंच तो म्हणाला. यावर मी काय बोलणार?

आकड्यांत पाहिलं तर दोन्ही इंजिनं जवळजवळ सारखी. ४जी६३ ची क्षमता १९९७ सीसी, ४बी११ ची १९९८. पण ४जी६३ चा ब्लॉक बिडाचा, बोअर ८५ मिमी, स्ट्रोक ८८ मिमी आणि टायमिंगला बेल्ट. ४बी११ अ‍ॅल्युमिनियमचं, ८६ बाय ८६, चेनवर चालणारं आणि सुमारे १२ किलोंनी हलकं. टॉमी माकिनेनने १९९६ ते १९९९ अशी ओळीने चार वर्षं जागतिक रॅलीचं अजिंक्यपद लान्सरमध्ये बसून मिळवलं, ते याच ४जी६३ च्या जोरावर. बीड भरपूर दाब सोसतं, म्हणून या ब्लॉकवर लोकांचा जीव आहे. माझाही आहे.

बाहेरच्यांना वाटतं, एक इंजिन उचलायचं, दुसरं सोडायचं. टेनमध्ये टर्बो मागे असतो, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला, आणि इनटेक, म्हणजे हवा आत घेणारी बाजू, पुढे. नाइनच्या इंजिनात नेमकं उलटं: टर्बो रेडिएटरकडे, इनटेक मागे. म्हणजे हवेचे सगळे पाइप नव्याने काढायचे, डाउनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप) सम्पखालून, म्हणजे तळातल्या ऑइलच्या टाकीखालून, मागे न्यायचा आणि उष्णता रेडिएटरच्या तोंडाशी येते तिचाही बंदोबस्त करायचा. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (मागच्या चाकांकडे ताकद वळवणारा भाग) नाइनचे घेतले. तिथे मी फार सावध होतो. पुढच्या आणि मागच्या चाकांचं शेवटचं गुणोत्तर एकमेकांशी पटलं नाही, तर सरळ रस्त्यावरसुद्धा मधला क्लच सतत घसरत राहतो आणि जळतो. म्हणून खडूच्या खुणा केल्या. पुढचा आउटपुट किती फिरला की प्रॉपेलर शाफ्ट किती फिरतो, आणि शाफ्ट किती फिरला की मागची चाकं किती फिरतात, हे हाताने फिरवून मोजलं. मागचा डिफरन्शियल कोणता ठेवायचा ते त्यावरून ठरलं. शाफ्ट कापायला दिला तो त्यानंतरच.

वायरिंगचं काम आमच्याकडच्या सर्वांत लहान मुलाने केलं. टेनच्या चारचाकी ड्राइव्हच्या कॉम्प्युटरला इंजिनाकडून आरपीएम, थ्रॉटल, टॉर्क ही माहिती कॅन लाइनवरून, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात त्यावरून, सतत हवी असते. नाइनचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ती भाषा बोलत नाही. त्याने वेगळा ईसीयू घेऊन एकेक संदेश ओळखला, तपासला आणि पुन्हा लिहिला. या कामात अकरा दिवस गेले. गाडी पाहायला येणारा प्रत्येक जण टर्बोचा फोटो काढतो, त्या मुलाच्या कामाकडे कोणी पाहत नाही. मला ते खटकतं.

तर, हादरा. मोबाइलवर कंपन मोजलं तेव्हा चार हजाराला १३३ हर्ट्झ आलं. चार हजार आरपीएम म्हणजे सेकंदाला ६६.७ फेऱ्या, त्याची बरोबर दुप्पट. गाडी उभी असल्याने चाकं आणि प्रॉपेलर शाफ्ट प्रश्नातच नव्हते. फेऱ्यांच्या दुप्पट वेगाचं कंपन हा चार सिलिंडरच्या सरळ इंजिनाचा जन्मजात गुण. पिस्टन स्ट्रोकच्या वरच्या अर्ध्यात आणि खालच्या अर्ध्यात सारख्या वेगाने जात नाहीत, त्यातून ते बल उरतं. म्हणजे इंजिनात वेगळं काही बिघडलेलं नाही, जे नेहमीचं आहे तेच बॉडीपर्यंत जास्त पोचतंय, असा निष्कर्ष मी काढला. आणि बोट ठेवलं माउंटवर, म्हणजे इंजिन बॉडीला धरून ठेवणाऱ्या आधारांवर.

माउंट आमच्या वेल्डरकाकांनी बनवले होते. त्यात कडक पॉलीयुरेथेनचे बुश होते. इतकं स्वच्छ काम मी क्वचित पाहिलंय: एकसारखे टाके, कुठे ग्राइंडर फिरवायची गरज नाही.

"काका, माउंट फार कडक झालेत," मी म्हणालो.

"अरे, माउंट हादरा तयार करत नाही. आलेला पुढे पोचवतो," ते म्हणाले. "आधी तो येतो कुठून ते बघ."

मी ऐकलं नाही. मालक रोज फोन करत होता, माझ्याकडे आकडा होता आणि आकड्याला पटणारं उत्तर होतं. काकांनी पुढे वाद घातला नाही. चार दिवसांत मऊ रबराचे नवे माउंट बनवून दिले. पहिल्या जोडाचे ब्रॅकेट त्यांनी स्वतः कापले आणि त्यातलं पोलाद नव्यात वापरलं.

नवे माउंट बसले, आरशाची थरथर कमी झाली. पण आता मऊ माउंटवर इंजिन मोकळं झालं होतं आणि बॉनेट उघडून पाहिल्यावर ते हलताना डोळ्यांना दिसत होतं. ते वरखाली हलत नव्हतं. पुढे-मागे हलत होतं, रेडिएटरकडे आणि फायरवॉलकडे.

मी इंजिन बंद केलं आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो. हे इंजिन गाडीत आडवं बसतं. गाडीच्या पुढे-मागे म्हणजे त्याच्या स्वतःच्या डावी-उजवीकडे. सिलिंडर जवळपास उभे असताना पिस्टनचा हादरा असा आडवा यायचं कारणच नाही. तो आडवा यायला आत दुसरं काहीतरी फिरत असायला हवं.

४जी६३ मध्ये दोन बॅलन्स शाफ्ट असतात. क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) दुप्पट वेगाने, एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. दोघांवरची वजनं एकदम वर आणि एकदम खाली येतात, त्यामुळे पिस्टनचा उभा हादरा विझतो. बाजूला मात्र ती एकमेकांच्या विरुद्ध जातात, म्हणून आडवं बल शून्य होतं. मित्सुबिशीची ही रचना इतकी चांगली की पोर्शेने ९४४ च्या इंजिनासाठी तिचा परवाना घेतला. आता एक शाफ्ट अर्धी फेरी चुकून बसला तर? उभ्या दिशेत दोघं एकमेकांना खोडतात, म्हणजे पिस्टनचा हादरा तसाच राहतो. आणि आडव्या दिशेत दोघांचं बल एकत्र होतं. शाफ्ट काढून टाकले तरी एवढं वाईट चालणार नाही. (शर्यतीच्या इंजिनातून लोक ते काढतात, ते मी समजू शकतो. रस्त्यावरच्या गाडीतून मी कधीच काढणार नाही.)

ब्लॉकच्या बाजूला एक बूच असतं. ते काढून भोकात ८ मिमीचा स्क्रूड्रायव्हर घालायचा. ६० मिमी किंवा त्याहून आत गेला तर शाफ्ट बरोबर. २० ते २५ मिमीवर अडला तर अर्धी फेरी चूक. त्या बुचावर आम्हीच वायरिंग नेलं होतं, ते बाजूला करायला अर्धा तास गेला. स्क्रूड्रायव्हर आत घातला आणि तो लगेच अडला.

इंजिन आलं तेव्हा बेल्ट नवा होता, कव्हरवर मार्करने तारीख लिहिलेली होती. तरी मी कव्हर उघडून टायमिंगच्या खुणा तपासल्या होत्या. कॅम बरोबर, क्रँक बरोबर, ऑइल पंपाचं स्प्रॉकेट (बेल्टवर फिरणारं दातेरी चाक) बरोबर. खुणा खोटं सांगत नव्हत्या. अडचण अशी की तो बॅलन्स शाफ्ट ऑइल पंपाच्या गिअरमधून फिरतो. स्प्रॉकेट एक पूर्ण फेरी फिरलं की खूण परत त्याच जागी येते, पण शाफ्ट तेव्हा अर्धी फेरी बाजूला असतो. म्हणून तर ते भोक ठेवलंय. मला हे माहीत होतं. मी स्वतः दोन मुलांना ते शिकवलंय. दुसऱ्याने नुकताच घातलेला बेल्ट समोर होता, खुणा जुळल्या, आणि मी बूच काढलं नाही.

दुरुस्ती सरळ होती, पण लांबलचक. या इंजिनाचा बेल्टकडचा माउंट बेल्टच्या आतून जातो, तो सोडल्याशिवाय बेल्ट निघत नाही. काकांचा नवा माउंट उतरवला, स्प्रॉकेट एक फेरी फिरवलं, स्क्रूड्रायव्हर पूर्ण आत गेला, तो तसाच आत ठेवून बेल्ट चढवला. क्रँक हाताने फिरवून १५ मिनिटं थांबलो. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा दांडा ३.८ ते ४.५ मिमीमध्ये बाहेर आहे हे मोजलं. रात्री इंजिन चालू केलं. चार हजाराला आरशात मागच्या भिंतीवरचा पान्यांचा बोर्ड स्पष्ट दिसला. काका दारात उभे होते. त्यांनी तो आरसा पाहिला आणि हात धुवायला गेले.

दोन दिवसांनी मालक भावाला घेऊन आला. भाऊ आत बसला नाही, बॉनेटजवळ उभा राहून ऐकत राहिला. मालकाने इंजिन तीनदा चालू-बंद केलं.

गाडी गेली. चाचणीच्या वेळी एक गोष्ट दिसली होती. जोरात क्लच सोडला की मऊ माउंटवर इंजिन मागे झुकतं आणि डाउनपाइप क्रॉसमेंबरच्या (गाडीखालच्या आडव्या तुळईच्या) फार जवळ जातो, जेमतेम बोट मावेल एवढं अंतर उरतं. कडक बुशवर हे झालं नसतं. काकांनी पहिल्यांदा केलेलं माप बरोबर होतं आणि ते ब्रॅकेट आता कापलेले आहेत. मालकाला मी हे सांगितलंय, तोवर जपून चालव असंही सांगितलंय. पहिल्या सर्व्हिसला गाडी परत येईल तेव्हा तिसरा जोड लागेल, पहिल्यासारखाच. काकांना विचारलं, त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.