स्कॅन कालचा, ओढा आजचा

व्हीएफएक्समध्ये, म्हणजे सिनेमातली खोटी दृश्यं कॉम्प्युटरवर बनवण्याच्या धंद्यात आहे म्हटलं की लोकांना वाटतं ही बाई दिवसभर एसीत बसून कॉम्प्युटरवर ड्रॅगन उडवत असणार. ते करणारे वेगळे, माझं काम त्याच्या आधीचं. शूटिंगची जागा लायडर स्कॅनरने मोजायची. ट्रायपॉडवर मशीन ठेवायचं, ते गोल फिरत लेझर मारतं, समोरचा दगड न् दगड बिंदूंमध्ये उतरवतं, मग मशीन उचलायचं, थोडं पुढं जायचं आणि परत तेच. त्या कोट्यवधी बिंदूंवर नंतर आमची बाकीची मंडळी परग्रह उभे करतात. थोडक्यात, लंडनला राहणारी मोजणीवाली.

तर एका सिरीजसाठी (नाव सांगता येत नाही, सह्या केल्यात) आम्ही ताबेर्नासला गेलो होतो. स्पेनच्या दक्षिणेला, अल्मेरिया प्रांतात. वाळवंट म्हटलं की आपल्याला वाळूच्या टेकड्या दिसतात, इथं तसलं काही नाही, इथं नुसत्या घळी. पिवळट-करड्या मातीचे उघडेबोडके उतार, त्यांना चिरत गेलेल्या हजारो घळ्या आणि खाली रुंद कोरडे ओढे, त्यांना तिथं रांब्ला म्हणतात. बाबांना फोटो पाठवला तर त्यांचा रिप्लाय, "अगं हे तर आपलं प्रवरेकाठचं दिसतंय, एवढ्यासाठी विमानाने गेलीस?" आम्ही संगमनेरचे, प्रवरेच्या काठच्या घळी लहानपणापासून बघितलेल्या, त्यामुळे बाबा फार चुकत नव्हते.

पण प्रवरेकाठी हॉलिवूडचा काउबॉय हिरो क्लिंट ईस्टवुड आला नाही, इथं आला. इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेने १९६५ च्या 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'साठी इथं अख्खं वेस्टर्न गाव बांधलं, बँक, दारूचं सलून सगळं, आज ते तिकीट लावून दाखवतात. ऊन भरपूर, खर्च कमी, आणि इटलीवाल्यांना अमेरिकेपेक्षा कितीतरी जवळ. त्याच्या आधी 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'वाल्यांनी इथल्या एका रांब्लात खजुराची झाडं आणून लावली, का तर ओअॅसिस पाहिजे होतं! त्यातली काही अजून उभी आहेत. पुढे इंडियाना जोन्सचा तिसरा भाग आला, त्यातला रणगाड्याचा पाठलाग इथला. म्हणजे ही जमीन टेक्सास झाली, अरबस्तान झाली, आमच्या वेळी परग्रह होणार होती. आपला 'शोले' बघून मोठे झालेले आपण, त्याच्यावर या इटालियन वेस्टर्नचा किती प्रभाव आहे ते सगळ्यांना माहितीय, त्यामुळे पहिल्यांदा ती टेकाडं बघताना मला उगाचच ओळखीचं वाटत होतं, जरी शोलेचं रामनगर पार कर्नाटकात असलं तरी.

त्या दिवशी एका वळणावरचा रांब्ला स्कॅन करायचा होता. ऑक्टोबर, पण ऊन चटके देणारं. उतारावर पाय ठेवला की वरची पापडी चुरचुरत फुटायची आणि खाली भुसभुशीत माती. ही माती म्हणजे मार्ल, समुद्राच्या तळाचा चुनखडीमिश्रित गाळ, साधारण ८० लाख वर्षांपूर्वी इथं समुद्र होता. तिचा खालचा कोरडा थर दगडासारखा टणक, पण भिजला की विरघळतो. पाणी भेगांतून आत शिरतं आणि आतल्या आत बोगदे पाडतं, वरून कळतही नाही. माझ्या ट्रायपॉडचा एक पाय अशाच भोकात अर्धा गेला, स्कॅनर असिस्टंटने हवेत धरला म्हणून वाचला. त्याची किंमत मी इथं लिहीत नाही, बाबा वाचतात.

दुपारी आमचे ड्रायव्हर, तिथलेच, साठीच्या पुढचे, गाडीतून उतरले आणि उत्तरेला फिलाब्रेसच्या डोंगराकडे बघत राहिले. तिकडे काळं झालं होतं. म्हणाले, सामान वर घ्या, आत्ता. आमच्या डोक्यावर निळं आकाश. प्रॉडक्शनचा पोरगा हसला, म्हणे इथं पाऊस पडत नाही म्हणून तर आलोय. तसं खरंही आहे, आजूबाजूच्या डोंगरांनी ढग अडवलेले, वर्षाला जेमतेम २०० ते २५० मिलिमीटर पाऊस, आपल्या नगरच्या दुष्काळी पट्ट्यात त्याच्या दुप्पट पडतो. पण मी संगमनेरची, वर पाऊस झाला की खाली ओढ्याला काय होतं हे मला कुणी सांगायला नको. टार्गेटचे गोळे (स्कॅन एकमेकांना जुळवायला खुणेसाठी ठेवतात ते), बॅटऱ्या, केबल, सगळं धापा टाकत वरच्या कडेला आणलं.

आधी आवाज आला, कुणीतरी लांबून खडी ओततंय तसा. मग वळणावरून लोंढा आला. पाणी म्हणवणार नाही असलं काही, चॉकलेटी, जाड, पुढं वेताच्या काटक्यांचा आणि फेसाचा ढीग ढकलत. आमच्यावर एक थेंब नाही! जिथं दहा मिनिटांपूर्वी माझं मशीन होतं तिथून एक टायर वाहत गेला. समोरच्या उताराचा पायथा पाण्याने खाल्ला आणि वरचा तुकडा हळूच बसला, धप्प, आणि पाण्यात दिसेनासा झाला. प्रॉडक्शनचा पोरगा व्हिडिओ काढायचंही विसरला.

सिनेमावाले इथं 'पाणी नाही' दाखवायला येतात. पण ही प्रत्येक घळ पाण्याने कोरलीय. वाऱ्याचा त्यात फारसा हात नाही. पाऊस कमी, पण येतो तो असा, आणि माती धरून ठेवायला झाडोरा नाही. मला तरी हे ईस्टवुडच्या टोपीपेक्षा जास्त भारी वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलेलं, चिखलाला तडे जायला लागलेले. परत स्कॅन केला आणि हॉटेलवर दोन्ही दिवसांचे पॉइंट क्लाउड, म्हणजे ते कोट्यवधी बिंदू, एकावर एक टाकले. बाकी डोंगर तंतोतंत जुळले, पण वळणापाशी तळ खाली गेलेला, पलीकडे नवीन गोट्यांचा थर आणि पडलेल्या तुकड्याच्या जागी खाच. सुपरवायझर म्हणाला, बरोबर कोणता? म्हटलं, दोन्ही. त्याला ते उत्तर आवडलं नाही.

डिरेक्टरला मात्र ती खाच भयंकर आवडली. शेवटी लांबच्या शॉटला जुना स्कॅन, जवळच्याला नवा असं ठरलं. म्हणजे हिरो शिरतो एका ओढ्यात आणि बाहेर पडतो दुसऱ्यातून, बघणाऱ्याला कळणार नाही, पैज. ड्रायव्हरकाकांनी त्या दिवसाचा ओव्हरटाइम लावला तर प्रॉडक्शनने फॉर्म परत पाठवला, ताबेर्नासच्या कारणांच्या यादीत 'पाऊस' नव्हता. मग मी 'इतर' वर टिक केली, तेव्हा कुठं पैसे निघाले.