तुम्ही विचारलंत म्हणून: झाडं लावायला मी का येत नाही

जून लागला की ठरलेला प्रश्न येतोच. "ताई, एवढे पक्षी बघता, मग टेकडीवर झाडं लावायला का येत नाही?" आजवर हसून वेळ मारून नेली. आता सांगतेच.

युवराज नावाच्या एका पक्ष्यामुळे. नर ओळखायला सोपा: काळाकुळकुळीत, पंख-शेपटी विटकरी, डोक्यावर ऐटदार तुरा. घोळ होतो तो मादीचा. अंग मातकट, तुरा आखूड; भलेभले तिला मलबार चंडोल म्हणून मोकळे होतात, कारण तुरा त्यालाही असतो. पण चंडोलाच्या छातीवर काळ्या रेघोट्या ठसठशीत. हिच्या पंखांत विटकरी झाक, आणि चोच आखूड, मुळाशी जाड. गवताचं बी त्या चोचीत घोळवत सोलते, टरफल कडेनं गळतं. पक्षी गवताळ, खडकाळ उतारांचा. सिंहगडाच्या बाजूला पावसाळ्यात नर दगडावर बसून गातो आणि घरटं असतं जमिनीवर, गवताच्या बुंध्याशी. म्हणजे नेमकं तुमच्या वृक्षारोपणाच्या दिवसांत, तुमच्या पायाखाली.

त्या जुलैत मी आले होते, आठवतंय? खड्डे खणणं चाललं होतं. समोरच्या दगडावर मादी, चोचीत हिरवी अळी. स्वतः दाणे टिपत असली तरी पिल्लांना ती अळ्या-किडे भरवते. खाली उतरेना, लांबही जाईना. गवताकडे झेपावायची, कुदळ वाजली की परत दगडावर. म्हटलं, एवढा तुकडा सोडा, इथं घरटं आहे. "अहो ताई, चिमणीच आहे ती," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. रोपांचा टेम्पो येऊन उभा, पाहुणे फोटोसाठी ताटकळलेले. मी बाजूला जाऊन बसले. पाहुण्यांचा चहा झाला, गाड्या गेल्या, तरी अळी चोचीतच. त्या उतारावर आज तुमची ग्लिरिसिडियाची झाडं माजलीत. गवत नाही, युवराजही नाही.

झाडांशी माझं वाकडं नाही. ओढ्याकाठी लावा, रस्त्याकडेला लावा, घमेली उचलायला येते. फक्त गवताला पडीक म्हणू नका.

आता खरं सांगायचं तर पूर्वी मीच म्हणायचे, बोडकी टेकडी म्हणजे बिल्डरला आवतण. झाडं असली की निदान लोक भांडायला उभे राहतात. या मुद्द्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. गवतासाठी कोण भांडणार? वणवा लागला तरी बातमी येते ती किती झाडं जळाली याचीच.

यंदा टेकडीवर एखादा गवताचा पट्टा सोडणार असाल तर कळवा. नसाल, तर पुढच्या जूनमध्ये विचारू नका.