माझा अनुभव: होडीच्या इंजिनाला आरएक्सचं ऑईल चालत नाही

आमच्या तालमीकडं एक फायबरची होडी हाय आणि तिच्या मागं २५ एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन, दोन सिलिंडरचं, जुनं. २०१९ चा महापूर बघितल्यावर पोरांनी वर्गणी काढून मालवणातनं सेकंड हँड आणलेलं. आमचं गाव चिखलीच्या बाजूला, राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर म्हणजे इशारा पातळीला आलं की आमच्याकडं जनावरं हलवायची गडबड सुरू होते आणि ४३ फुटांची धोका पातळी येईतोवर रस्ता गेलेला असतो, तेव्हा ही होडी काय हौसेची नव्हे. माझं उद्यमनगरात लेथचं दुकान आहे म्हणून इंजिन बघायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. "तुला कळतंय की मशिनरीतलं" एवढ्यावर विषय मिटला.

आता मला कळत होतं ते आरएक्स १०० चं, यामाहाच्या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलचं. कोल्हापुरात आमच्या वयाच्या माणसाला टू-स्ट्रोक म्हणलं की दुसरं काय आठवणार, जाळ आणि धूर संगटच! घरात २टी ऑईलचा, म्हणजे टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलसंगं जळायच्या ऑईलचा कॅन कायम पडलेला असतोय, तेच पेट्रोलमध्ये ओतायचं आणि होडी चालवायची, असं चार वर्षं चाललं. वर आणि आमचा एक शहाणपणा, ऑईल जरा जास्तच घालायचं, इंजिनाला बरं असतंय म्हणून. माप काय तर चहाचा कप.

गेल्या मे महिन्यात पावसाच्या आधी ट्रायल घ्यायची म्हणून इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये उभं केलं (कोरडं चालवायचं नसतंय, पाणी ओढणारा इंपेलर रबराचा असतो, मिनिटात जळतो). दोरी ओढून ओढून खांदा गेला तेव्हा एकदाचं चालू झालं, पण एकाच सिलिंडरवर. ढप ढप ढप. प्लग काढले तर खालचा काळा, ओला, टोकाला राखेचा खडा अडकलेला. कॉम्प्रेशन गेज लावला तर वरच्याला ११० आणि खालच्याला ७० पीएसआय. तिथंच पोटात गोळा आला, कारण पाऊस महिन्यावर.

दुकानात आणून इंजिन खोललं. पिस्टनच्या डोक्यावर चुलीवरच्या तव्याच्या बुडाला जमतंय तसा काळा थर, आणि खालच्या पिस्टनची वरची रिंग खाचेत अशी चिकटलेली की बोटानं दाबली तर हलेचना. रिंग मोकळी पाहिजे, ती बाहेर दाबून सिलिंडरला टेकली तरच कॉम्प्रेशन धरतंय. डिझेलमध्ये दोन दिवस बुडवून ठेवली, शेवटी तुटूनच निघाली. खाचा साफ करायला जुन्या रिंगचाच तुकडा घासून हत्यार केलं, एक दुपार त्यात गेली.

रिंगा मिळाल्या, पण मूळ कारण कळल्याशिवाय परत जोडायचं नाही असं ठरवलं. मग ऑईलच्या मागं लागलो. गावातली तीन दुकानं फिरलो. पहिला म्हणाला, "२टी म्हणजे २टी, होडीला काय वेगळं असतंय व्हय?" दुसऱ्यानं गवत कापायच्या मशीनचं ऑईल काढून दिलं, तेही हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचंच. तिसऱ्यानं सगळ्यात महाग फुल सिंथेटिक बाटली पुढं केली, रेसिंगची, आणि खरं सांगतो मी जवळजवळ घेतलीच होती, कारण महाग म्हणजे भारी हे आपल्या डोक्यात बसलंय. तेवढ्यात आमच्या शेजाऱ्यानं अजून एक सल्ला दिला की फोर-स्ट्रोक गाडीचं इंजिन ऑईल, २०डब्ल्यू४० च घाल थोडं. ते तर अजिबात करू नका, ते जळून जाण्यासाठी केलेलंच नसतंय.

शेवटी मंडळीच्या मामेभावाला फोन लावला, तो मालवणात पर्यटकांच्या बोटी चालवतो. सगळं ऐकून घेतलं आणि हसला. "भावजींनू, तां गाडयेचा ऑईल. बोटीक टीसी-डब्ल्यू ३ होया. डब्यार लिवलेला आसता, वाचा मगे."

मी माझा कॅन उलटा करून वाचला. जासो एफसी, एपीआय टीसी, म्हणजे गाडीच्या टू-स्ट्रोक ऑईलचे दर्जे. टीसीच्या पुढं डब्ल्यू कुठंच नाही. आणि तो डब्ल्यू म्हणजेच सगळी भानगड आहे, पाण्यावर थंड होणारं इंजिन. आरएक्सचं सिलिंडर वाऱ्यावर थंड होतंय म्हणजे मुळात चांगलंच तापतंय, त्या उष्णतेत टिकावं आणि पिस्टन साफ राहावा म्हणून गाडीच्या ऑईलमध्ये कॅल्शियमसारख्या धातूची डिटर्जंट घातलेली असतात, ती जळाली की थोडी राख उरते आणि तापलेल्या इंजिनात ती फारशी त्रास देत नाही. होडीचं इंजिन सतत नदीचं पाणी ओढून थंडच चालतंय, त्यात आम्ही पुरात गल्लीबोळातनं हळूहळू न्यायचो, मग ती राख जाणार कुठं? प्लगवर आणि रिंगच्या खाचेत. टीसी-डब्ल्यू ३ ऑईलमध्ये ही राखेची भानगडच नसते, वेगळ्या पद्धतीची डिटर्जंट असतात, आणि गंजापासून संरक्षणही असतंय. हे प्रमाणपत्र अमेरिकेतली बोटवाल्यांची संघटना एनएमएमए देते. उलटं पण करू नका, होडीचं ऑईल आरएक्सला घालायचं नाही, तिथल्या उष्णतेला ते पुरत नाही.

आणि आमचं ते "जास्त घाल" पण अंगलट आलेलं. ऑईल वाढलं की कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून पेट्रोल तेवढं कमी जातं, म्हणजे इंजिनाला लाड म्हणून जे करत होतो त्यानं मिक्सचर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होत होतं, शिवाय कार्बन वाढत होता तो वेगळाच.

मामेभावाकडनं चार लिटर आणायला राधानगरी, फोंडा घाटातनं मालवणला गेलो. गेलोच होतो म्हणून बांगडा खाऊन आलो, तो खर्च तालमीच्या हिशोबात धरलेला नाही.

आता माप. इंजिनाच्या पुस्तकात ५० ला १ दिलंय, म्हणजे लिटरला २० मिली, १० लिटरच्या कॅनला २००, आमच्या २४ लिटरच्या टाकीला ४८०. नव्या रिंगांसाठी पहिले १० तास २५ ला १, लिटरला ४०. कप फेकून दिला, मेडिकलमधनं मोठी सिरिंज आणली. आधी निम्मं पेट्रोल, मग ऑईल, झाकण लावून हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल. आमचं ऑईल निळं आहे त्यामुळं मिसळलेलं लगेच दिसतंय, पण रंगावरनं ऑईल ओळखू नका, गाडीचं पण निळं मिळतंय.

अजून एक, आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतंय आणि ते हवेतलं पाणी ओढतंय, पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट खाली बसतंय आणि पाईप तिथनंच ओढतोय. म्हणून मिक्स करून ठेवलेलं पेट्रोल महिन्याच्या वर आम्ही ठेवत नाही, कॅनवर तारीख लिहितो. फुल थ्रॉटलला तासाला १०-१२ लिटर लागतंय, त्यामुळं पुराच्या वेळी ते उरत पण नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात होडी नदीत घातली. तिसऱ्या ओढीला चालू, मागनं पाण्याची धार चालू, आवाज सरळ. काठावर आमचे आबा बसलेले, पंचाहत्तरीचे, ते बराच वेळ इंजिनाकडं बघत राहिले आणि मग ओरडले, "आरं पोरा, धूर कुठाय? चालू हाय न्हवं त्ये?"