रिसेप्शनला बिअर: टेबलावर बाटल्या, केग की काउंटरवर पाइंट?

धाकट्या भावाचं लग्न मे महिन्यात ठरलंय. वसईतच, संध्याकाळी चर्चमध्ये मिस्सा आणि मग लगेच ग्राउंडवर रिसेप्शन. घरात कामं वाटली गेली तेव्हा जेवण मावशीने घेतलं, बँड चुलतभावाने आणि बिअर माझ्याकडे आली. आमच्याकडे उपवासकाळात लग्नं होत नाहीत त्यामुळे ईस्टर झाला की सगळ्यांची एकच घाई, म्हणजे ऐन उकाड्यात. आणि आमच्या कॅथलिक लग्नांत बिअर कुठे मागे गाडीच्या डिकीत लपवून नसते, आजीसमोर, फादरांसमोर उघड दिली जाते, तो पाहुणचाराचाच भाग आहे, म्हणून ती नीट दिली गेली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडची जुनी पद्धत म्हणजे टेबलावर 650 मिलीच्या मोठ्या बाटल्या मांडून ठेवायच्या. दिसायला भरगच्च दिसतं, यजमानाचा हात सढळ आहे हे पण कळतं, पण होतं काय बघा. नवरा-नवरीची एन्ट्री होते, केक कापला जातो, मग टोस्ट, म्हणजे जोडप्याला शुभेच्छा देणारं भाषण, टोस्टवाले काका नवऱ्याच्या बारशापासून सुरू करतात, मग पहिला डान्स, आणि या सगळ्यात टेबलावरची उघडलेली मोठी बाटली मे महिन्याच्या दमट हवेत अर्धी भरलेली तशीच उभी असते. वीस मिनिटांत ती कोमट होते आणि कोमट लागर, म्हणजे आपली नेहमीची बिअर, कोणी पीत नाही, लोक दुसरी उघडतात. रात्री टेबलं आवरताना अर्ध्या-अर्ध्या बाटल्या ओतून द्याव्या लागतात. मला ते बघवत नाही, पैशांपेक्षा जास्त म्हणजे पाहुण्याला गरम बिअर दिली याचं वाईट वाटतं.

भावाच्या मित्रांना केग हवाय, म्हणजे नळ लावलेलं बिअरचं पिंप. नळातून काढलेली ताजी बिअर, वर दोन बोटं फेस, फोटो पण छान येतात, आणि खरं सांगायचं तर चांगल्या ब्रुअरीची व्हीट बिअर नळातून जशी लागते तशी बाटलीतून लागत नाही. मी त्याचा नीट विचार केला. 30 लिटरचा केग म्हणजे कागदावर 330 मिलीचे 90 ग्लास, त्यातली काही बिअर फेसात जाते, म्हणजे आपल्या शंभर बिअरवाल्यांना निदान तीन केग लागतील. ही बिअर बहुतेक वेळा पाश्चराइज केलेली नसते, म्हणजे ब्रुअरीतून निघाल्यापासून ग्लासात पडेपर्यंत थंडच राहायला हवी. टेम्पोतून हादरत आलेला केग काही तास शांत उभा ठेवावा लागतो, नाहीतर नळ उघडला की नुसता फेस. बिअर गरम झाली की आतला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि परत फेसच, आणि कूलर विजेवर चालतो, मे महिन्यात संध्याकाळी लाइट गेली तर काय ते तुम्हीच सांगा.

पण माझा निर्णय झाला तो वेगळ्याच कारणाने. रिसेप्शनमध्ये लोक हॉटेलसारखे एक एक करून येत नाहीत, लाटेने येतात. टोस्ट संपला की शंभर माणसं एकदम उठतात. एका नळातून मिनिटाला तीन-चार ग्लास निघाले तरी खूप झाले, म्हणजे शेवटच्या माणसाचा नंबर लागायला अर्धा तास, तोपर्यंत तिकडे मसाला, म्हणजे एकामागून एक नाचाची गाणी, चालू झालेला असतो आणि रांगेतले लोक चिडतात. पाइंट, म्हणजे छोटी बाटली, असेल तर चार पोरं काउंटरमागे उभी राहून एकाच वेळी उघडतात आणि ओततात, दहा मिनिटांत सगळ्यांच्या हातात ग्लास. वीस-पंचवीस मित्र शांत बसून पिणार असतील तिथे मी डोळे झाकून केग घेईन, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी घरी जी पार्टी आहे तिला घेणारच आहे, एक छोटा.

तर रिसेप्शनला 330 मिलीचे पाइंट, एकाच काउंटरवर, माणूस मागेल तसा उघडायचा. पाइंट संपेपर्यंत थंड राहतो, हाच सगळा मुद्दा आहे. कॅनचा पण विचार केला, लवकर गार होतात, फुटत नाहीत, पण आपल्याकडे दुकानात जास्त करून 500 मिलीचेच मिळतात आणि मग परत कोमट होण्याचा तोच प्रॉब्लेम. काच फुटण्याची भीती आहे कारण डान्स फ्लोअरवर लहान मुलं चपला काढून नाचतात, म्हणून बाटली काउंटरच्या बाहेर जाऊ द्यायची नाही, ग्लासात ओतूनच द्यायची.

आता बर्फ, इथे बहुतेक लोक चुकतात. नुसत्या बर्फात बाटल्या खुपसल्या की बर्फाच्या तुकड्यांमध्ये हवा राहते आणि बाटली काही ठिकाणीच गार होते. टबात आधी बाटल्या, मग लादी फोडून बर्फ, आणि मग बाटलीच्या गळ्यापर्यंत पाणी ओतायचं. पाणी सगळीकडून लागतं आणि अर्ध्या तासात बाटली हाताला झोंबेल इतकी गार होते. घाई असेल तर दोन-तीन मुठी जाडं मीठ टाकून ढवळायचं, पाणी शून्याच्या खाली उतरतं, पण मग बाटल्या तासभर विसरायच्या नाहीत, बिअर गोठली की काच तडकते. 24 पाइंटच्या एका क्रेटला उघड्या ग्राउंडवर साधारण 8 किलो बर्फ धरायचा. सव्वादोनशे पाहुण्यांमध्ये मुलं आणि न पिणारे सोडले तर शंभर बिअरवाले, माणशी सरासरी अडीच पाइंट, म्हणजे 11 क्रेट आणि 90 किलो बर्फ. बर्फ आपल्याकडे कोळीवाड्याच्या बाजूला लादीने मिळतो, आदल्या दिवशी सांगून ठेवायचा.

ग्लास साबणाने धुतले असतील तर परत गार पाण्यातून काढायचे, साबण किंवा तेलाचा हात लागला की फेस बसतो आणि बिअर मेल्यासारखी दिसते. ओतताना ग्लास तिरका, शेवटी सरळ. कॅटररच्या पोरांना हे मी स्वतः करून दाखवणार आहे.

स्ट्राँग बिअर ठेवणार नाही. खप स्ट्राँगचाच जास्त आहे मला माहितीये, काही काका नाराज होतील, पण बोंबील आणि इंदयालबरोबर (आमचं आंबट-तिखट पोर्क) माइल्ड लागरच छान लागते आणि लोक रात्री बाइकवरून आमच्या अरुंद रस्त्यांनी घरी जाणार आहेत. गाडी चालवणाऱ्याला रक्तात 100 मिलीमागे 30 मिलिग्रॅमच चालतं, ते फार पटकन होतं. परत महाराष्ट्रात माइल्ड बिअरला वय 21 आणि दारूला 25, म्हणजे भावाचे कॉलेजातले ज्युनिअर येणार आहेत त्यांच्याकडे पण लक्ष ठेवावं लागेल.

आणि दमण. दर लग्नात कोणीतरी म्हणतोच की दमण जवळ आहे, तिकडे स्वस्त पडते, गाडी काढूया. नको. राज्याची हद्द ओलांडून आणलेली बिअर पकडली तर गुन्हा आहे आणि लग्नाच्या आदल्या दिवशी भावाला चेकपोस्टवर बसवायची माझी इच्छा नाही. उत्पादन शुल्क खात्याचं एक दिवसाचं लायसन्स काढायचं, माल लायसन्सवाल्या दुकानातून बिलासकट. तारीख ठरवताना ड्राय डे बघा, 1 मे आपल्याकडे ड्राय डे असतो आणि निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे 48 तास पण बंद.

दुकानदाराशी आधीच बोलून ठेवलंय की न उघडलेल्या क्रेट तो परत घेईल, पण बाटल्या कोरड्या हव्यात. बर्फाच्या पाण्यात लेबलं सुटतात आणि लेबल नसलेली बाटली कोणी परत घेत नाही, म्हणून 11 च्या 11 एकदम बुडवायच्या नाहीत. आधी पाच, टोस्ट सुरू झाला की पुढच्या तीन, बाकीच्या सावलीत कोरड्या. हे बघायला मामेभावाला उभा करणार आहे, तो पीत नाही.