सेल्फ मारला की नुसता ‘टक्’ आवाज
आज आईला तपासणीसाठी यवतमाळला न्यायचे होते आणि नेमकी गाडी सुरू होईना. किल्ली फिरवली की इंजिन न फिरता केवळ ‘टक्’ आवाज येई आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होत; अशा वेळी दोष बहुधा डिझेलच्या पुरवठ्यात नसून बॅटरीत किंवा तिच्या जोडणीत असतो. शेतातल्या मोटारपंपासाठी घरी ठेवलेल्या मल्टिमीटरवर बॅटरी १२.५ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे ती जवळजवळ पूर्ण चार्ज होती. मात्र मीटरची एक पिन बॅटरीच्या धन टर्मिनलवर आणि दुसरी त्यावरच्या क्लॅम्पवर टेकवून सेल्फ मारला, तेव्हा त्या एवढ्याशा सांध्यातच काही व्होल्ट गळत असल्याचे दिसले. क्लॅम्पखाली पांढरट-हिरवा क्षार साचला होता.

शेजारच्या काकांनी तत्परतेने पाना आणून दिला. प्रथम ऋण टोक सोडवले, कारण धन टोक सोडवताना पाना बॉडीला लागला तर शॉर्टसर्किट होऊन मोठी ठिणगी उडते, आणि गावात ही खबरदारी फार कमी जण घेतात याची मला खरोखर काळजी वाटते. खाण्याचा सोडा, गरम पाणी आणि पॉलिश पेपरने टर्मिनल घासले. जोडताना धन आधी, ऋण शेवटी. इंजिन पहिल्याच वेळी सुरू झाले आणि मीटरने १४.१ व्होल्ट दाखवले, म्हणजे अल्टरनेटरही बॅटरी नीट चार्ज करत आहे.