पलूस, तासगाव, नागज: पांढऱ्या वाइनच्या मागावर एक दिवस

ही फेरी फेब्रुवारीच्या शेवटी झाली, आणि जाणाऱ्यांनीही तेव्हाच जावं. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर साधारण १२० ते १४० दिवसांनी माल तयार होतो, म्हणून या दिवसांत खायच्या द्राक्षांची तोडणी, वाइनची तोडणी आणि बेदाण्याची शेडं, तिन्ही चालू सापडतात. मेमध्ये गेलात तर खरड छाटणीनंतरच्या (तोडणी संपल्यावर वेल मागे कापतात ती) नुसत्या फुटी बघून परत याल. सांगली जिल्ह्यातली ही गावं; रेल्वेने येणाऱ्यांना पलूससाठी किर्लोस्करवाडी स्टेशन सोयीचं. पुढे मात्र स्वतःची गाडी हवी.

तासगाव तालुक्यात द्राक्ष हा घराण्याचा धंदा. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन या बिनबियांच्या, खायच्या द्राक्षातून निवडलेला तास-ए-गणेश हा वाण इथलाच. वाइन त्यामानाने कालची: राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ चं, आणि त्यातून नाशिककडे विंचूर व इकडे पलूस असे दोन वाइन पार्क आले. पार्कात सगळी शटरं उघडी असतीलच असं नाही. आधी फोन करूनच निघा.

थॉम्पसन आणि पांढऱ्या वाइनचं द्राक्ष शेनिन ब्लांक शेजारी-शेजारी असलेली बाग मिळाली, तर तिथे तास-दीड तास द्या. थॉम्पसनचा घड मोकळा, मणी लांबट, जी.ए.त (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) घड बुडवून आणि मण्यांची विरळणी करून मुद्दाम फुगवलेला. शेनिनचा घड मुठीसारखा आवळलेला, मणी बारीक, आत बी. वाइनला बारीकच मणी हवा, कारण स्वाद सालीपाशी असतो आणि बारीक मण्यात गराच्या मानाने साल जास्त येते. पण घट्ट घडाला एक अवकाळी सर पुरते: आत पाणी अडकतं आणि मधले मणी कुजतात, बाहेरून कळतही नाही. घड उलटा करून देठाजवळ बघायला सांगा. मणी फोडून बी पाहा. बी हिरवी असेल तर तोडणी थांबवतात, तपकिरी झाली की चालू.

मण्यावरच्या पांढुरक्या थराला बागायतदार लस्टर म्हणतात. बोट लागलं की तो जातो आणि खायच्या मालाचा भाव पडतो, तेव्हा हात खिशात. शेवटची फवारणी कधी झाली ते विचारल्याशिवाय एकही मणी तोंडात टाकू नका.

साखर थॉम्पसन आणि शेनिन दोन्हींत २२ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) चढते, आणि तेवढ्यात साधारण १२ टक्के अल्कोहोल बसतं. मग थॉम्पसनची वाइन का नाही? कारण साखर चढेपर्यंत तिची आंबट बाजू गळून जाते आणि वाइन गुळमट, पाणचट लागते. शेनिनमध्ये आंबटपणा टिकतो. तोही उन्हात जातोच, म्हणून तोडणी पहाटेची. सकाळी आठला पोचाल तर क्रेट भरून झालेले असतील. पांढऱ्या वाइनसाठी आंबवण्याआधीच साल वेगळी करतात. १०० किलो द्राक्षांचा साधारण ६० ते ६५ लिटर रस निघतो आणि तो १४ ते १६ अंशांवर सावकाश आंबवतात. टाकी तापली की सुवास उडतो. वायनरीत चव घेण्याआधी टाकीवरचं तापमान बघा, बरंच काही तिथेच कळतं.

दुपारी नागजकडे. हवा कोरडी, म्हणून बेदाण्याची शेडं इथे. १०० लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल (माल लवकर वाळावा म्हणून वापरतात ते तेल). दोन-तीन मिनिटं बुडवलेला माल जाळीवर सावलीत १२ ते १५ दिवस. चार किलोंचा एक किलो बेदाणा. मधे पाऊस आला तर माल काळा पडतो. घेताना मूठभर दाबून सोडा, चिकटून गोळा झाला तर ओल आहे. घरी फ्रीजमध्येच ठेवा, बाहेर हिरवा रंग टिकत नाही.

वाइन घेतलीत तर बिल जवळ ठेवा. वर्षा-दोन वर्षांत संपवा, ८ ते १० अंशांवर प्या. सोबत सांगलीचं भडंग छान लागतं, फक्त कमी तिखट मागा. आणि बाटली डिकीत ठेवून नागजला जाऊ नका: या दिवसांच्या उन्हात डिकी अशी तापते की संध्याकाळपर्यंत बूच वर सरकलेलं असतं. वायनरीचा थांबा परतीच्या वाटेवर ठेवायचा असेल, तर फेरी नागजकडून उलटी सुरू करा. पहाटेची तोडणी तेवढी चुकेल.